सात लांबट नाणी

१२ मे, स्टुटगार्ट

ही डायरी यांची. म्हणजे कंपनीनं यांना दिलेली, २०१० सालची. टूलरूमच्या नोंदींसाठी दर वर्षी नवी मिळायची आणि हे नवी कपाटात ठेवून जुनीच्याच उरलेल्या पानांवर लिहीत बसायचे. इतकी वर्षं कोरी राहिलेली ही मी बॅगेत टाकली. छापलेल्या तारखा खोडून वर माझ्या घालते आहे.

यांना जाऊन सात महिने झाले. सत्यजित म्हणाला, आई, चिंचवडला एकटी काय करतेस, तीन महिने ये. मी थोडे आढेवेढे घेतले आणि आले. खरं कारण त्याला सांगितलेलं नाही. ते माझ्या पर्समध्ये रुमालाच्या गाठीत आहे.

यांची हत्यारांची पेटी आवरताना मापं घ्यायच्या व्हर्नियरच्या लाकडी खोक्यात, मखमलीच्या अस्तराखाली सात नाणी निघाली. आता नाणी कसली, लांबट पातळ पिवळ्या पट्ट्याच. एकीवर चर्च, एकीवर किल्ला, एकीवर उंच मनोरा, एकीवर तळं. अक्षरं सगळी जर्मन. मागची बाजू नुसती खरवडल्यासारखी. कडांना बारीक रेघा आहेत, त्या कानशीच्या. यांचा हात मी कुठेही ओळखीन. धारदार कडा यांना सहन होत नसत, घासून ठेवल्या असतील.

सत्यजितला फोनवर फोटो दाखवला तेव्हा तो हसला. म्हणाला, टुरिस्ट लोकांचं खूळ आहे ते, मशीनमध्ये पाच सेंटचं नाणं टाकायचं, हँडल फिरवायचं, नाणं लाटलं जातं आणि त्यावर चित्र उठतं. बाबा २००९ साली प्रेस मशीनच्या ट्रेनिंगला दहा आठवडे इथे होते ना, तेव्हाची असतील.

इतकं साधं होतं तर लपवली का? त्या दहा आठवड्यांत हे मला फोनवर सांगायचे, शनिवार-रविवार खोलीवरच असतो, कपडे धुतो, वरणभात लावतो, झोपतो. आणि इकडे सात ठिकाणं फिरून झाली होती. हौसेनं फिरणारा माणूस नव्हता तो. महाबळेश्वरला नेलं तेव्हाही दुसऱ्या दिवशी परतायची घाई. असा माणूस एकट्यानं फिरत नाही.

लिहून टाकलं एकदाचं. कोणीतरी बरोबर होतं. कोण होतं ते आता कळायचं नाही, पण ती जागा तरी मला बघायची आहे.

१५ मे

इथे साडेनऊ वाजले तरी उजेड. जेवणं होतात, भांडी होतात, तरी दिवस आपला खिडकीत बसलेला. गल्ली चढाची आहे, समोरच्या घरांची छपरं पायरीपायरीनं वर जातात आणि सगळ्यांत वरच्या छपरावर ऊन कितीतरी वेळ रेंगाळतं. मी खुर्ची ओढून बसते. असं वाटतं की हे चढावरून येतील, तपकिरी स्वेटर घालून, हातात दुधाची पिशवी.

सकाळी माझं एक कानातलं सापडेना. सुनेला, नंदिनीला विचारलं, "तू चादरी धुतल्यास ना काल? तुला दिसलं असेल." ती म्हणाली, "नाही हो आई, मी बघते," आणि ऑफिसची मीटिंग सोडून पलंगाखाली वाकून शोधत बसली. दुपारी ते माझ्याच उशीच्या अभ्र्यात मिळालं. तिला सांगितलं, मिळालं म्हणून. ती बरं म्हणाली, पण संध्याकाळभर गप्प होती. आजकालच्या मुलींना साधं विचारलेलंही लागतं.

१७ मे, शनिवार

पहिली जागा याच गावातली, टीव्हीचा मनोरा. सत्यजितला म्हटलं, बाबांनी पाहिलेलं ते मलाही दाखव. तो इतका खूष झाला की मला जरा अपराधी वाटलं.

मशीन तळमजल्यावर कोपऱ्यात उभं होतं. काचेआड दातेरी चाकं, दोन रूळ, बाहेर मोठं हँडल. एका फटीत एक युरो, दुसऱ्या फटीत पाच सेंट. माझ्या नातीनं, स्पृहानं दोन्ही हातांनी हँडल धरलं, जड होतं म्हणून मीही धरलं. आत कुठेतरी करकर झालं आणि नाणं पोळीसारखं लांबत गेलं. खाली टपकलं ते कोमट लागलं. स्पृहा नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. इथल्या मराठी मंडळाच्या शाळेत दर रविवारी जाते आणि दर रविवारी जाताना रडते. आज मात्र "नोखमाल, आजी, नोखमाल" करत राहिली. पुन्हा, पुन्हा. नोखमाल हा माझा पहिला जर्मन शब्द.

मी रुमाल सोडून यांचं नाणं शेजारी धरलं. तोच मनोरा, तेच ढग. फक्त आमचं नवं नाणं तांबूस, यांचं पिवळं. जुनं झालं की पिवळं पडत असेल.

वर गेलो. खाली सगळं हिरवं आणि मध्ये मध्ये लाल छपरं. कठड्याला हात लावून विचार केला, इथे हे उभे होते आणि त्यांच्या डावीकडे कोण? मी डावीकडे सरकून उभी राहिले. वारा फार होता.

२४ मे

हायडेलबर्ग. आज नंदिनी आणि मीच. किल्ला नाण्यावरच्यासारखाच, फक्त नाण्यावर तो नीट दिसतो आणि प्रत्यक्षात निम्मा पडलेला. मशीन तिथे नव्हतं. तिकीट देणाऱ्या बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. चार स्क्रूची भोकं आणि जमिनीवर फिकट चौकोन. नंदिनी म्हणाली, "आई, वाईट वाटलं का?" मी म्हटलं, वाईट काय वाटायचं त्यात. पण त्या फिकट चौकोनावर जरा वेळ उभी राहिले.

येताना गाडीत डोळा लागला. नदी खिडकीतून बरोबर पळत होती ती झोपेतही पळत राहिली. समोरच्या बाकावर हे बसलेले, गुडघ्यावर जेवणाचा डबा. त्यांच्या शेजारी एक बाई, माझ्याकडे पाठ करून. हे तिला बोट दाखवून बाहेरचं काही सांगत होते. इतकं बोलताना मी यांना कधी पाहिलं नाही. त्या बाईचा पदर बाकावरून खाली आला होता, त्याचा काठ ओळखीचा वाटला. मी हाक मारणार तेवढ्यात नंदिनीनं उठवलं, स्टेशन आलं होतं.

जर्मन बाई साडी नेसेल होय. स्वप्नाला अक्कल नसते.

२८ मे

चारूवन्संचा मेसेज आला. चारूलता, यांची धाकटी बहीण, कराडला असते. "वहिनी, तब्येत सांभाळ, तिथे थंडी असेल." मी "हो" एवढंच पाठवलं. सत्यजित म्हणाला, आत्याला फोटो तरी पाठव. मी म्हटलं, बघू.

आता ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा लिहून ठेवते. हे इथे होते तेव्हाची गोष्ट. सासूबाई पाय मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या म्हणून चारूवन्सं मदतीला येऊन राहिली होती. लग्नात माझ्या आईनं मला एक चांदीची डबी दिली होती, त्यात वीस पैशांची दहा नाणी. कमळाचं चित्र असलेली, पिवळीधमक. त्यात सोनं आहे असं तेव्हा सगळे म्हणत, म्हणून लोक ती खर्च न करता लक्ष्मीपूजनाला ठेवत. वर्षातून एकदाच डबी उघडायची. त्या दिवाळीला उघडली तर आत दोनच.

वन्संच्या नवऱ्याचं दुकान त्याच वर्षी बुडालं होतं. मी काही आडपडदा ठेवला नाही. सासूबाईंच्या समोर विचारलं, घरात दुसरं कोण आलं होतं? ती काहीच बोलली नाही. निर्दोष माणूस बोलला असता. ताट वाढलेलं तसंच सोडून संध्याकाळच्या एसटीनं गेली. त्यानंतर सोळा वर्षांत ती आमच्या उंबऱ्याच्या आत आली नाही. सासूबाई गेल्या तेव्हा आणि हे गेले तेव्हा आली, पण दोन्ही वेळा अंगणात उभी राहिली आणि पाणीसुद्धा शेजारच्यांकडचं प्यायली.

आईची नाणी होती ती. आठ नाण्यांचं मोल विचारू नये कोणी मला.

हे परत आले त्यानंतर मी सगळं सांगितलं. हे नुसते ऐकत राहिले. बॅगसुद्धा दोन दिवस उघडली नाही.

१ जून

पाऊस आणि काहीच नाही. स्पृहाला मराठी शाळेत सोडायला गेले. अक्षरांच्या तक्त्यासमोर ती तोंड मिटून उभी. बाई म्हणाल्या, वाचता येतं हिला, बोलत नाही.

७ जून, शनिवार

कोलोनहून आत्ताच आलो. जे घडलं ते क्रमानं लिहिते.

देऊळ पाहिलं. म्हणजे चर्च, पण मला देऊळच म्हणावंसं वाटलं. इतकं उंच की मान मागे टाकली तर पदर पडला. आत रंगीत काचांमधून उजेड जमिनीवर सांडला होता, लोक त्यातून चालताना क्षणभर निळे, क्षणभर लाल होत होते. मी एका बाकावर बसले आणि मनाशी म्हटलं, जी कोण होती ती होती, एवढं सुंदर तिला दाखवलंत, बरं केलंत. खरंच असं वाटलं. मला स्वतःचं आश्चर्य वाटलं.

बाहेर दुकानात मशीन होतं. स्पृहानं नाणं लाटलं आणि यांचं माझ्याकडून मागून घेतलं. पायऱ्यांवर बसून दोन्ही शेजारी ठेवली. मग म्हणाली, "आजी, दास इस्ट काइन सेंट." सेंट नाही हे.

सत्यजित म्हणाला, "जुनं आहे गं ते, रंग बदलतो." ती मान हलवत राहिली. पाच सेंट कधी असं पिवळं होत नाही, तिच्या वर्गातला एक मुलगा जमवतो, त्याच्याकडे खूप जुनी आहेत, सगळी तांबडी किंवा काळी. सत्यजित माझ्यासाठी मराठीत सांगत गेला. तोपर्यंत तिनं नाणं उलटं केलं, बापाचा फोन घेतला आणि टॉर्चचा उजेड आडवा पाडला.

मागची बाजू खरवडलेली नव्हती. टाकलेल्या नाण्यावरचं मूळ चित्र तिथे ओढलं जाऊन पुसट उरलं होतं. आधी मला पानं दिसली. मग पाकळ्या. लांबलेल्या, पाण्यात हललेल्या, पण पाकळ्याच. मी काही म्हणायच्या आत स्पृहा त्या कडेवर बोट ठेवून हळूहळू वाचत होती. "पै... से."

सत्यजित आनंदानं म्हणाला, "अगं, मराठी वाचलंस तू." आणि मला रडू कोसळलं. त्याला वाटलं, नातीनं वाचलं म्हणून. नंदिनीला मात्र तसं वाटलं नसावं. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि काही न विचारता पाठीवर हात ठेवून राहिली.

गाडीत एकेक करून सातही बघितली. सातही कमळं.

८ जून

अहो, आता तुमच्याशीच बोलते.

तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी देवघर पुसायला घेतलं होतंत. मी हसले होते, आज कुठून सुचलं म्हणून. तेव्हाच घेतलीत ना डबीतून? मला सासूबाईंना सोडून येता येणार नव्हतं. मी म्हणाले होते, तुम्ही बघून या, माझ्या नशिबात कुठली जर्मनी. ते तुम्ही मनाला लावून घेतलंत आणि माझ्या देवघरातलंच काहीतरी बरोबर घेऊन गेलात. वीस पैशाचं नाणं त्या फटीत जाईना म्हणून कडा कानशीनं घासल्यात. बसून, खोलीवर, शनिवारच्या आधी. प्रेसच्या साच्याची डाय घासावी तसं, एक केस इकडे नाही तिकडे नाही. त्या रेघा मी सात महिने बघते आहे.

स्वप्नातल्या गाडीतली ती बाई मीच होते. काठ माझ्याच हिरव्या साडीचा होता.

परत येऊन पुढ्यात ओतणार होतात. आणि दारातच मी तुम्हाला सांगितलं, तुमची बहीण चोर आहे.

मग का नाही बोललात? माझ्या रागाला भ्यालात. मी रागावले असते, खरं आहे. आईची नाणी लाटून टाकलीत म्हणून चार दिवस बोलले नसते. पाचव्या दिवशी चहा दिला असता. तेवढ्या चार दिवसांसाठी तुम्ही पंधरा वर्षं बहिणीला अंगणात उभं केलंत. तुमच्यावर मला इतका राग येतो आहे आणि तुम्ही समोर नाही. आणि तुमच्यावर रागावून झालं की खाली माझंच वाक्य उरतं. घरात दुसरं कोण आलं होतं? ते तुम्ही म्हणाला नव्हतात, मी म्हणाले होते.

१० जून

फोन हातात घेते आणि ठेवते. काय म्हणायचं? वन्सं, नाणी सापडली? कानातल्यासारखं?

नंदिनी चहा घेऊन आली तेव्हा तिला म्हटलं, त्या दिवशी कानातल्याबद्दल तुला तसं विचारायला नको होतं. ती म्हणाली, "जाऊ द्या हो आई, मी विसरलेसुद्धा." विसरली नव्हती, कारण डोळे भरले तिचे. मग तिला मी सगळं सांगितलं, डबीपासून. ती ऐकून म्हणाली, "आत्यांना फोन करा. मी बसते तुमच्याजवळ, हवं तर."

मी म्हटलं, उद्या.

१४ जून, शनिवार

चार दिवस उद्याच करत होते. आज सकाळी बाल्कनीत बसून लावला. नंदिनी आत कणीक मळत होती, दार तिनं मुद्दाम उघडं ठेवलं होतं. कराडला दुपार असणार.

"वहिनी? बरी आहेस ना?"

मी विचार करून ठेवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "वन्सं, नाणी तू घेतली नव्हतीस. यांनी घेतली होती. मी चुकले. तुला घरातून उपाशी घालवलं मी."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मला माहीत आहे."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. ती सावकाश बोलत राहिली, जणू मीच घाबरून जाईन.

"दादा जर्मनीहून आला त्याच आठवड्यात इकडे आला होता. मागच्या पायरीवर बसून रडला. म्हणाला, आजच जाऊन वसुधाला सांगतो. मीच म्हटलं, नको."

"का गं?"

"आई अंथरुणावर होती. तिचं सगळं तूच करत होतीस वहिनी, हगणंमुतणं सगळं. तुझं मन दादावरून उडालं असतं तर आईचं कोण करणार होतं? मी काय, पाहुणी. मी बाहेर राहिले तर कुणाचं अडणार नव्हतं. आई गेली की सांग म्हटलं होतं त्याला. मग आई गेली आणि तो म्हणाला, आता कुठल्या तोंडानं सांगू. दर वर्षी म्हणायचा, या दिवाळीला सांगतो."

दर वर्षी भाऊबीजेला यांना कंपनीत काम निघायचं. सुट्टीच्या दिवशी. मी डबा करून द्यायचे.

मी विचारलं, डबीतून आठ गेली होती, माझ्याजवळ सातच आहेत. चारूवन्सं पहिल्यांदा हसली. "आठवं माझ्याकडे आहे की. भाऊबीज उलटून गेली होती, तरी त्या दिवशी मी त्याला ओवाळलं. ताटात त्यानं ते टाकलं. मी म्हटलं, हे काय, चपटं. म्हणाला, जगात असं एकच आहे."

"त्यावर काय चित्र आहे?"

"हत्ती आहे. प्राणिसंग्रहालयातला असेल."

यांना हत्ती आवडायचे हे मी विसरूनच गेले होते. खाली रस्त्यावरून ट्राम चढ चढत होती, तिच्या काचांवर ऊन येत होतं जात होतं. मग मी म्हटलं, "वन्सं, ऑगस्टच्या दहा तारखेला मी घरी पोचते. सात आणि तुझं एक डबीत एकत्र ठेवू. येशील?"

मी फोन कानापासून काढून पाहिला, चालू आहे ना म्हणून.

"येईन," ती म्हणाली. "चहा बिनसाखरेचा टाक. मला आता साखर चालत नाही."